पाणी कोणी काढलं?

माझ्या चुलतसासऱ्यांनी आयुष्यात एकही गोष्ट नुसती ऐकून घेतलेली नाही. तुम्ही किहीमला त्यांच्या घरी जा, ओटीवर टेका आणि घाम पुसता पुसता सहज म्हणा, "यंदा उकाडा जास्तच आहे." झालं! "जास्त म्हणजे कशापेक्षा? गेल्या वर्षीपेक्षा? गेल्या वर्षी या दिवसांत तुम्ही इथेच होता का? सावलीत होता की उन्हात? दुपारची गोष्ट करताय की सकाळची?" असं एकेक विचारत ते माणसाला असे काही घेरतात, की शेवटी पाहुणा आपण होऊन "नाही, तसा फारसा नाही उकाडा" असं कबूल करतो आणि कोकम सरबत संपवून चालू लागतो. जाताना तो रागावलेला मात्र नसतो. काकांवर रागावता येत नाही, कारण त्यांना ते खरोखरच जाणून घ्यायचं असतं. गावात 'कसं काय, बरं आहे ना?' हा प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत थांबणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

काका मुंबईत समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी ओळख करून दिली, "हे धाकटे भाऊजी, हे बोटीवर असतात." मला वाटलं, कप्तान वगैरे असतील. पुढे कळलं, की काका रोज मांडव्याहून लाँच पकडून ऑफिसला जातात, एवढाच त्यांचा आणि बोटीचा संबंध. समुद्रावर जायचे ते संशोधक. ते पाणी मोजत, वारा मोजत, मासे मोजत आणि परत येऊन आकड्यांचा ढीग काकांच्या टेबलावर ओतत. त्या आकड्यांना माणसांत आणायचं काम काकांचं. हे आकडे कशाचे, कुठले, कधीचे, कोणत्या यंत्राने घेतले, कोणत्या मापात, मधली रिकामी जागा म्हणजे शून्य की मोजायचं राहून गेलं, हे सगळं त्यांनी विचारून विचारून लिहायचं. म्हणजे पुढे कोणाला ते आकडे हवे झाले तर सापडतील, सापडले तर कळतील, आणि वापरले तर ते कोणाच्या कष्टाचे हे सांगून वापरता येतील. याला मेटाडेटा म्हणतात. काका साध्या भाषेत 'माहितीची माहिती' म्हणत. एकदा पानवाल्याने विचारलं, तेव्हा त्यालाही त्यांनी "मी माहितीची माहिती काढतो" असंच सांगितलं. पानवाल्याचा समज झाला, की हे गुप्तहेर खात्यात आहेत. तेव्हापासून काकांचं पान तो उभा राहून बांधतो.

निवृत्तीनंतर एखाद्याने बाग लावली असती, एखाद्याने भजनी मंडळ काढलं असतं. काकांनी घराचा मेटाडेटा करायला घेतला. पहिली कुऱ्हाड कोसळली ती काकूंच्या स्वयंपाकघरावर. लोणच्याच्या बरणीवर 'लोणचं' एवढंच लिहिणं त्यांच्या मते गुन्हा. कैरी कुठली, कोणी उतरवली, मीठ कुठलं, कोणी घातलं, पहिल्यांदा कोणी ढवळलं, असा चार ओळींचा कागद प्रत्येक बरणीला चिकटला. डब्यांवर तर एका नावाने भागेना. "शोधणारा आपल्या शब्दाने शोधत नाही, त्याच्या शब्दाने शोधतो," असं म्हणून त्यांनी रव्याच्या डब्यावर लिहिलं: 'रवा. तसेच पाहा: सांजा, उपमा, अचानक आलेले पाहुणे.' काकू आमटीत चिंचेऐवजी कोकम घालू लागल्या तेव्हा तर जेवणाच्या पाटावर खटला उभा राहिला. काकांचं म्हणणं, आमटी उत्तम झाली आहे, पण ही नवी आवृत्ती आहे, ती जुन्या नावाने वाढणं बरोबर नाही, आणि मूळ कृती काकूंच्या आईची असल्यामुळे त्यांचं नाव आधी यायला हवं. काकू शांतपणे वाढत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या आईचं नाव घेताय ते ठीक आहे, पण ताटातली गार होतेय ती कोणाची आवृत्ती?"

मासळीबाजारात त्यांना ओळखत नाही अशी कोळीण नसेल. इतर गिऱ्हाइकं भाव विचारतात, काका जन्मकथा विचारतात. कोणत्या जाळ्यात लागलं, किती वाव खोल पाण्यात, भरतीला की ओहोटीला, बर्फ कधी घातला. एकदा एक म्हातारी कोळीण टोपलीवरचं फडकं झटकत सगळ्या बाजारासमोर ओरडली, "आरं बाबा, पापलेट घेतंस का त्याची सोयरीक जुलवतंस?" सगळा बाजार हसला. काकाही हसले आणि त्यांनी पापलेट घेतलं, पण घरी येऊन काकूंना सांगताना "हे वाक्य मी म्हटलेलं नाही हं, चौथ्या ओट्यावरच्या म्हातारीचं आहे" असं आधी बजावलं. दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून खपवायचं नाही, हा त्यांचा धर्मच. त्यामुळे काकांनी सांगितलेला विनोद आमच्या घरात आजवर कोणी शेवटपर्यंत ऐकलेला नाही. "हा विनोद मला आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सांगितला. त्याला तो त्याच्या मेव्हण्याने सांगितला होता, पण मेव्हण्याच्या मूळ विनोदात हत्ती नव्हता, म्हैस होती..." इथपर्यंत येईतो निम्मी मंडळी चपला शोधायला लागतात. गावातल्या कुचाळक्याही त्यांच्या ओटीपाशी येऊन मरतात. कोणाची सून भांडून माहेरी गेली असं कोणी कुजबुजलं, की काका विचारतात, "तुम्ही पाहिलंत का? मग कोणी पाहिलं? त्याला भेटता येईल का?" काकू म्हणतात, या माणसाशी संसार करून मला साधं गॉसिपसुद्धा कधी मिळालं नाही.

या सगळ्याची मी इतकी वर्षं मजाच पाहत होते. पण एकदा सुपारी कातरता कातरता काकांनी एक हकिकत सांगितली, ती मी विसरलेले नाही. त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला एक वयस्क संशोधक अचानक वारले. त्यांच्या कपाटात आकड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे निघाले. ओळीने रकाने, सुंदर अक्षर, कुठे खाडाखोड नाही. पण कोणता रकाना कशाचा, हे त्या गृहस्थांना तोंडपाठ असल्यामुळे त्यांनी कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं. खोली होती की खारेपणा, मुंबईजवळचा समुद्र होता की रत्नागिरीकडचा, कोणालाच सांगता येईना. बरेच दिवस खटपट करून शेवटी ते सगळं टाकून द्यावं लागलं. "माणूस गेला ते गेलाच," काका म्हणाले, "पण उलट्या काढत बोटीवर घालवलेली त्याची वर्षंही गेली ना गं. कोणीतरी वेळेवर चार प्रश्न विचारायला हवे होते." एवढं बोलून त्यांनी पुढची सुपारी अडकित्त्यात धरली.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, ती सांगते. माझं माहेर चौलच्या पुढे, खाडीच्या काठाला. गावाची भातशेती सगळी खारजमिनीत, म्हणजे समुद्राचं पाणी बांध घालून थोपवलेलं आणि त्याच्या आत भात. बांध आहे तोवर गाव आहे. एका मोठ्या उधाणात त्या बांधाला खांड पडली आणि खारं पाणी आत शिरलं, ते दर भरतीला येऊ-जाऊ लागलं. शेतं तर गेलीच, पण हळूहळू विहिरीही मचूळ झाल्या. पाणी तोंडात घेतलं की थुंकावंसं वाटायचं. प्यायला आणि रांधायला लोक शेजारच्या गावातल्या डोंगराकडच्या विहिरीवरून स्कूटरला कॅन लटकवून गोडं पाणी आणू लागले. बांध दुरुस्त करणाऱ्या खात्याकडे फुटलेल्या बांधांची मोठी रांग होती. ज्या गावाच्या पिण्याच्या पाण्यावर परिणाम झालाय त्याला आधी घेऊ, तसं दाखवून द्या, असं त्यांनी सांगितलं. त्यात काही गैर नव्हतं. या उन्हाळ्यात बांध झाला नाही तर पुढच्या पावसात खांड वाढून गावच उठवावं लागेल, हे मात्र गावातलं शेंबडं पोरही जाणून होतं. मी अलिबागच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझा भाऊ गावकीच्या वतीने आला आणि म्हणाला, "बाये, तूच तपास. आपला माणूस असताना बाहेर कशाला जायाचा?"

मी मोठ्या उत्साहाने बाटल्या उकळून, वाळवून, त्यावर घरोघरच्या विहिरींची नावं चिकटवून गेले. दोन-तीन रविवारांत सगळं गाव पालथं घातलं. प्रत्येक घरी चहा, कुठे घावणे, कुठे तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. बाटल्या घेऊन परतले आणि आमच्या प्रयोगशाळेत तपासल्या. सगळं पाणी गोडं निघालं, अगदी गोडं. एकाही विहिरीत मिठाचा जादा अंश नाही. मी यंत्र तपासलं, पुन्हा मोजलं, दुसऱ्या पद्धतीने मोजलं, आकडे तेच. भावाला फोनवर सांगितलं तेव्हा तो एरवी माझ्यावर कधी न चढवलेला आवाज चढवून म्हणाला, "तुज्या मशीनला जीभ हाय का? आमाला हाय! आमी काय खोटा बोलताव?" त्याचं बरोबर होतं, आणि माझे आकडेही बरोबर होते. खात्याचे अधिकारी पाहणीला यायला थोडेच दिवस राहिले होते. हे आकडे त्यांच्या हातात दिले असते, तर गाव रांगेच्या पार शेवटी गेलं असतं, तेही गावच्या लेकीच्या सहीने. मला अन्न गोड लागेना. शेवटी आकड्यांचे कागद घेऊन मी किहीमला काकांकडे गेले. माझा कुठे हिशेब चुकतोय का, एवढंच त्यांच्याकडून पाहून घ्यायचं होतं.

काकांनी आकड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कागद उलटा करून कोऱ्या बाजूवर त्यांनी पेन टेकवलं आणि सुरू झाले. बाटली कसली? कशाने धुतली? घेतलं त्या दिवशी तिथी कोणती, म्हणजे मोठ्या भरतीचे, उधाणाचे दिवस होते की लहान भरतीचे, भांगाचे? भरती होती की ओहोटी? माझा जीव टांगणीला लागलेला आणि यांची तिथी चाललेली. मी दात-ओठ खात उत्तरं देत होते. मग ते म्हणाले, "पाणी कोणी काढलं?"

"मीच. म्हणजे मीच गेले होते ना."

"रहाट तू ओढलास?"

"नाही. बाटली दिली, त्यांनी भरून आणली."

"त्यांनी म्हणजे?"

"घरोघरच्या बायकांनी. आमच्या घरी वहिनीने."

"कुठून भरून आणली?"

"विहिरीतून! आणखी कुठून?"

"तू पाहिलंस?"

मी पाहिलं नव्हतं. कसं पाहणार? माहेरवाशीण घरी आली की तिला कोणी विहिरीवर जाऊ देतं का? 'बस गं, दमून आलीस, आण ती बाटली इकडे,' असं म्हणून प्रत्येक घरात माझ्या हातातून बाटली काढून घेतली गेली होती, आणि मी पुढ्यात आलेले घावणे खात बसले होते. काकांनी पेनाला टोपण लावलं. "आकडे बरोबर आहेत गं," ते म्हणाले. "ते कशाचे आहेत, तेवढंच आपल्याला माहीत नाही. उद्या मी येतो तुझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी काका डोक्याला टोपी, काखेत छत्री आणि पिशवीत काकूंनी दिलेले लाडू घेऊन एसटीने माझ्या माहेरी आले. ओटीवर बसून, पाणी पिऊन त्यांनी माझ्या वहिनीला फार हळू आवाजात विचारलं, "ताई, परवाच्या बाटलीत पाणी कुठलं भरलं होतंत?" वहिनी आधी म्हणाली, "हीरीतलाच." काका गप्प बसून तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच उत्सुकता होती. वहिनीने पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला आणि मग एकदम उसळली, "मंग काय खारा पानी भरून देऊ? लेक माहेराला आली, तिनं हातानं बाटली पुढं केली, तिच्या बाटलीत मी गटार भरू? आनी ती बाटली कालेजात जानार, चार शिकलेली मानसं ती बघनार. काय म्हनतील, ह्या गावात पाव्हन्याला असला पानी देतात? मी कॅनमधला चांगला गोडा पानी गालून भरला!"

दोन घरं पलीकडे गेलो, तिथेही हेच. तिसऱ्या घरीही हेच. कोणी कोणाशी ठरवलेलं नव्हतं. सगळ्या गावाने आपापल्या घरी, आपापल्या अकलेने, डोंगराकडचं गोडं पाणी फडक्याने गाळून मला दिलं होतं. स्वतः आंघोळीला मचूळ पाणी घेऊन, स्कूटरवरून जिवाच्या कराराने आणलेलं पाणी त्यांनी माझ्या बाटल्यांत ओतलं होतं. एका बाटलीला वाळ्याचा वास येत होता, तो मी प्रयोगशाळेतल्या साबणाच्या माथी मारला होता. तर एका शेजारणीने पाण्यात वाळाही टाकला होता. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. माझा भाऊ कपाळाला हात लावून पायरीवर बसला होता. काका मात्र प्रत्येक घरी वाकून वाकून "फार छान केलंत, फार छान केलंत" असं म्हणत होते, आणि ते थट्टेने म्हणत नव्हते.

मग काकांनी त्या दिवसात जे काही केलं, ते आमच्या गावात अजून नक्कल करून दाखवतात. प्रत्येक विहिरीवर स्वतः उभे राहिले. समोर दोर सोडायला लावला, समोर बाटली भरायला लावली. भरती किती चढली आहे ते खाडीकडे जाऊन पाहून आले. पाणी काढणाऱ्या बाईला तिचं संपूर्ण नाव विचारलं. बायका लाजून नवऱ्याचं नाव पुढे करू लागल्या, तर यांनी विचारावं, "पाणी त्यांनी काढलं का?" "न्हाय." "मग त्यांचं नाव कशाला लिहू?" बाजूला उभ्या नवऱ्याची पंचाईत व्हायची आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. दुपारनंतर तर ज्यांची विहीर आधीच झाली होती त्याही बायका केस विंचरून पुन्हा आल्या, की आमचं नाव नीट लिहिलंय ना ते वाचून दाखवा. मी बाटल्या घेऊन कॉलेजात गेले. या वेळचं पाणी तपासायलाही नको होतं, बाटली उघडल्यावर वासानेच कळत होतं. तरी तपासलं. बांधाकडच्या विहिरी सर्वांत खाऱ्या, आणि आत आत यावं तसा खारेपणा उतरत गेलेला.

आता आधीचे आकडे फाडून टाकायला मी मोकळी झाले, असं मला वाटलं. तर काका आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "फाडतेस काय? त्यात चूक कुठे आहे? आपण त्याला नाव चुकीचं दिलं होतं, एवढंच." त्यांनी त्या पहिल्या आकड्यांनाही रीतसर वर्णन लिहिलं: डोंगराकडच्या विहिरीचं, घरी साठवलेलं, फडक्याने गाळलेलं गोडं पाणी, माहेरवाशिणीला पाहुणचार म्हणून दिलेलं, एका नमुन्यात वाळा. दुसऱ्या आकड्यांचं वर्णन पानभर झालं. विषयाच्या शब्दांत त्यांनी खारं पाणी, मचूळ पाणी, विहीर, हीर, बाव, असं जे जे कोणी शोधेल ते ते सगळं घातलं. मग दोन्ही संच जिथे संशोधनाचे आकडे सगळ्यांसाठी ठेवतात अशा जागी ठेवले, त्यांना कायमचा क्रमांक मिळवला, आणि हे वापरणाऱ्याने उल्लेख कसा करावा तेही खाली लिहिलं. पाणी काढणाऱ्या सगळ्या बायकांची नावं त्यात आली. तपासणारी म्हणून माझं आलं. मी म्हटलं, "काका, तुमचं?" ते म्हणाले, "मी पाण्याला हात लावला का? मग?" आणि विषय संपवला.

अधिकारी आले, ते शांत, नीट वाचणारे गृहस्थ होते. त्यांनी मला सरळ विचारलं, "बाई, गाव तुमचं, तपासलं तुम्हीच. मी यावर का विश्वास ठेवू?" विचारण्यासारखंच होतं ते. मी वर्णनाचा कागद पुढे केला. त्यांनी तो सावकाश वाचला, मग मधलीच एक विहीर निवडून तिथे गेले आणि कागदात लिहिलं होतं तसंच, त्याच भरतीच्या सुमाराला, स्वतः दोर सोडून पाणी काढलं. ते दुसरीकडे तपासायला दिलं. आकडा जुळला. पुढच्या भेटीत त्यांनी आणखी एक प्रश्न काढला, की हे खारं आहे खरं, पण या भागातलं चांगलं पाणी कसं असतं, ते कळल्याशिवाय खारं कशापेक्षा म्हणायचं? मी पहिला संच काढून दिला. वाळ्याची ओळ वाचताना ते किंचित हसलेले मला दिसले. गावाचं नाव त्या उन्हाळ्याच्या कामांत आलं आणि पावसाआधी खांड बुजली.

बांधावर नारळ फोडला तेव्हा सगळं गाव जमलं होतं. माझ्या गळ्यात हार, भावाच्या गळ्यात हार. काका मागे, बांधाच्या उतरणीवर छत्री टेकून उभे होते आणि मुकादमाला भरावाची माती कुठून आणली ते विचारत होते. शेजारच्या एका म्हाताऱ्या काकीने मला कोपरखळी मारली, "ह्ये टोपीवालं कोन गं? त्या दिवशी नावं लिवीत व्हतं त्येच ना? ह्यांनी काय केला?"

मी सांगायला गेले आणि मला सांगता येईना. मेटाडेटा म्हणू? माहितीची माहिती म्हणू? शेवटी मी म्हटलं, "काकी, यांनी विचारलं. पाणी कोणी काढलं, ते यांनी विचारलं. बाकी कोणीच विचारलं नाही."

"व्हय गं," काकी म्हणाली. हे ऐकत उभी असलेली माझी वहिनी घराकडे गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. उतरणीवर जाऊन तिने तो काकांपुढे धरला. "दादा, हीरीचा हाय," ती म्हणाली. "कॅनमधला न्हाय आनला. तुमी आता पाव्हनं न्हाय." काकांनी टोपी काढून काखेत धरली आणि तांब्या तोंडाला लावला. त्या विहिरीचं पाणी अजून मचूळच होतं, खांड बुजून चार दिवस झाले होते फक्त. काका ते थेंबभरही न सांडता सगळं प्यायले. कोणी काढलं, कधी काढलं, काहीही त्यांनी विचारलं नाही. तांब्या परत देताना त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मी मुद्दाम खाडीकडे पाहत राहिले.

आता गावच्या विहिरींचा खारेपणा हळूहळू उतरतोय. पावसाळा संपला की मी जाते, स्वतः दोर सोडते, बायकांना हात लावू देत नाही असं म्हणते, पण लावू देते आणि त्यांची नावं लिहिते. काका हल्ली किहीमच्या बाहेर पडत नाहीत. गुडघे गेले, नजरही अधू झाली. मागच्या खेपेला नव्या आकड्यांची नवी आवृत्ती ठेवताना मी त्यांना न विचारता वर्णनात एक ओळ वाढवली, 'प्रश्न विचारणारे' असं लिहून पुढे त्यांचं पूर्ण नाव घातलं. माझ्या संसारात, माझ्या कामात आणि माझ्या माहेरच्या मातीत या माणसाचं जे काही आहे, ते दुसरीकडे कुठे लिहायचं ते मला कळत नव्हतं. छापून घेतलेला कागद मी त्यांना नेऊन दिला. पूर्वी माझा एक अर्धविरामही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ धरून ठेवला, मग नीट घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि काकूंना म्हणाले, "हिला चहा दे." ओळ त्यांना दिसली नाही, की दिसली आणि आवडली, हे मला ठाऊक नाही. आणि मी ते विचारलेलं नाही.